छाती ४६, पॅटर्न ३६ चा: चाळीसच्या दशकातला फ्रॉक माझ्या अंगावर कसा बसवू?

भरली_वांगी

शिवणातल्या जाणकारांनो, जरा इकडे या. गंमत नाही, खरंच अडलेय.

मी बरीला राहते, मँचेस्टरच्या उत्तरेला. आमच्याकडे ईस्ट लँकेशायर रेल्वे म्हणून वाफेच्या इंजिनांची जुनी लाइन जपून ठेवलेली आहे, बरी ते रॅम्सबॉटम ते रॉटनस्टॉल. मे अखेरीस तिथे १९४० च्या दशकाचा वीकएंड भरतो. गणवेशातले सैनिक, डोक्याला रुमाल बांधलेल्या फॅक्टरीतल्या बायका, गॅस मास्कचे खोके गळ्यात अडकवलेली पोरं, सगळं स्टेशन भरून जातं. मी दोन वर्षं चहाच्या खोलीत हात लावायला जाते. दोन्ही वर्षं काळ्या पँटवर मोठा एप्रन चढवला आणि कुणी विचारलं की "मी स्वयंपाकीण" म्हणून सांगितलं. यंदा मला रीतसर फ्रॉक घालायचाय.

तयार मिळणारे जुन्या धाटणीचे फ्रॉक बघून झाले. एक मागवलाही. कमरेला ढगळ, आणि छातीवर दोन बटणांच्या मधून आत काय चाललंय ते सगळ्या जगाला दिसेल असा. परत पाठवला.

मग जुन्या सामानाच्या बाजारात एक अस्सल अमेरिकन पेपर पॅटर्न मिळाला. खांद्याला योक (वेगळा कापलेला खांद्याचा तुकडा), त्याखाली चुण्या, सहा कळ्यांचा (उभ्या पट्ट्यांचा) स्कर्ट, पुढे बटणं. पाकिटावर साइझ १८ बघून हरखलेच. इथल्या दुकानांत मी २२-२४ घालते, म्हटलं थोडंच वाढवायचंय. घरी येऊन नीट वाचलं तर त्या काळचा १८ म्हणजे छाती ३६, कमर ३०, सीट ३९. आणि आतल्या कागदावर एक रेघ छापलेली नाही, नुसती भोकं आणि खाचा.

माझी मापं (लाज सोडली की शिवण बरं होतं असं आई म्हणायची): उंची ५ फूट १, छाती ४६, कमर ४२, सीट ४८. पोट पुढे, मागून सपाट. खांदे मात्र अरुंद, पर्स घसरते असे.

आता माझा पराक्रम ऐका. ४६ भागिले ३६, म्हणजे १.२८. ऑफिसच्या झेरॉक्स मशिनवर सगळे तुकडे १२८ टक्क्यांनी मोठे केले, चिकटपट्टीने जोडले आणि जुन्या चादरीवर बेतले. ४ इंच आणि पाऊण असलेला खांदा ६ इंचांच्या वर गेला आणि दंडावर लोंबायला लागला. कमरेची शिवण सीटवर आली. पाठीत झोळी झाली. आणि एवढं सगळं मोठं करूनसुद्धा छातीवर पुढे ताण आहेच! त्यात मी हौसेने खांद्याचे पॅड बसवले होते. आरशात बघितलं तर हिंदकेसरी.

शेजारच्या आजी बघायला आल्या होत्या. गोड हसून म्हणाल्या, "युद्धात कुणी जाड नव्हतंच गं." तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. फोटोंमध्येही सगळ्या काडीसारख्या पोरी. ही फॅशन आपल्यासारख्यांसाठी नव्हतीच का? की माझंच गणित चुकलं?

अनुस्वार

झेरॉक्सवर फ्रॉक!! ऑफिसात कागद कुणाच्या नावावर टाकलेस?

मला शिवणातलं ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचणार. हिंदकेसरीचा फोटो टाक.

कातरकाकू

वांगी, आधी ते झेरॉक्सचं सोंग टाकून दे.

माणूस जाड होतो तेव्हा फुग्यासारखा चहूबाजूंनी फुगत नाही. मान, खांदा, मुंढा (बाही जोडतो ते भोक) हे हाडांवर बसतं. छाती, पोट, सीट हे मासावर. मास वाढलं म्हणून हाड वाढत नाही. तू हाडालाही १२८ टक्के केलंस आणि उंचीलाही. ५ फूट १ ची बाई १२८ टक्क्यांनी साडेसहा फूट होते. तो फ्रॉक तिला बसला असता.

मी डोंबिवलीत एकतीस वर्षं शिवणाचे क्लास घेतले आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी मंडळींचे कपडे शिवले. चाळीसच्या दशकातली नाटकं त्यात पुष्कळ. मुलगी तुझ्याच बाजूला असते, साल्फर्डला. २०१६ मध्ये तिच्या बाळंतपणाला आले होते तेव्हा तिथून जवळच्या इम्पीरियल वॉर म्युझियम नॉर्थमध्ये 'फॅशन ऑन द रॅशन' नावाचं प्रदर्शन लागलं होतं. जावई बाळाला घेऊन बाहेर बाकावर आणि मी आत अडीच तास. काचेला नाक लावून शिवणी बघितल्या. रखवालदार दोनदा बघून गेला.

शेजारणीला सांग, जाड बायका होत्या. त्यांची नावंसुद्धा दुकानात ठरलेली होती: इंग्लंडात कपड्यांवर डब्ल्यूएक्स आणि ओएस अशी अक्षरं असत, ओएस म्हणजे आउटसाइझ. अमेरिकेत लेन ब्रायंट नावाची कंपनी त्याच्या कितीतरी आधीपासून स्थूल बायकांसाठीच कपडे विकत होती. पेपर पॅटर्नही ४४, ४६, ४८ छातीचे निघत, आणि बुटक्या-भरलेल्या बायकांसाठी 'हाफ साइझ' वेगळे. ते आता कमी दिसतात कारण लोकांनी ते वापरून फाडले. बारीक मापांचे पाकिटातच राहिले. हा आपला माझा अंदाज, पण कपाटात काय उरतं ते बघत आयुष्य गेलंय माझं.

आता रेशनचं ऐक, ह्यात खरी मेख आहे. इंग्लंडात १ जून १९४१ ला कपड्याचं रेशन लागलं, पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. तयार लोकरी फ्रॉकला ११, सुती किंवा रेयॉनच्याला ७. ही नगावर. म्हणजे काडीला ७ आणि आपल्याला पण ७. पण घरी शिवायचं तर कापड वारावर: ३६ इंच पन्ह्याच्या लोकरी कापडाला वाराला ३, बाकीच्याला २. पाच वार लागणाऱ्या बाईची १० गेली. जाड बाईला घरचा फ्रॉक महाग पडत होता. तेव्हा कळ्यांच्या शिवणीत बोटभर माया (पुढे सोडवायला जास्तीचं कापड) राखायची, जुन्या दोन फ्रॉकांचा एक करायचा, बाजूला दुसऱ्या रंगाची पट्टी घालायची, हे सगळं तेव्हाचंच आहे. तू तसं केलंस तर कुणी तुला खोटं म्हणणार नाही. एकसंध कापडाचा टापटीप नवा फ्रॉक घालून आलेल्या पोरींपेक्षा तूच जास्त १९४३ ची दिसशील.

१९४२ पासून सरकारने प्लेट किती, बटणं किती, खिसे किती ह्यावरही बंधनं घातली. म्हणून त्या स्कर्टना घेर बेताचा, लांबी गुडघ्याच्या जरा खाली, झालरी नाहीत. आपल्या अंगाला ह्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. खांदा बांधीव असला की खालचं सगळं आपोआप आटोपशीर दिसतं. पन्नासच्या दशकातले ते फुगीर घागरे नकोत, त्यात मी पिंपासारखी दिसते, तूही दिसशील.

आता दोन कामं कर आणि मग बोल.

पहिलं: फ्रॉकच्या आत जी ब्रा घालणार आहेस ती घालून माप घे. आजची टीशर्टखालची छाती गोल आणि उचललेली असते. तेव्हाची जरा खाली, वेगवेगळी आणि किंचित टोकदार. ब्रा बदलली की टक्सचं (छातीला गोलाई देणाऱ्या निमुळत्या चिमटीचं) टोक इंचभर हलतं.

दुसरं: टेप काखेतून, छातीच्या उभाराच्या वरून फिरव. ते माप मला सांग. ४६ विसर.

भरली_वांगी

काकू, साष्टांग नमस्कार. साडेसहा फूट वाचून चहा नाकातून आला.

टेप वरून फिरवला. ४१! तीनदा मोजलं. म्हणजे मी ४१ आहे का ४६?

कातरकाकू

दोन्ही. हाडाने ४१, मासाने ४६.

कटोरी ब्लाउज शिवला आहेस का कधी? निदान घातला असशील. आपण छातीचा तुकडा वेगळा का कापतो? कारण बाकीचा ब्लाउज अंगाला घट्ट ठेवून फक्त तिथे जागा द्यायची असते. ह्या फ्रॉकला तेच करायचंय. इंग्रजीत ह्याला फुल बस्ट अॅडजस्टमेंट म्हणतात आणि त्यावर तास-तासभराचे व्हिडिओ आहेत. आपला गल्लीतला टेलर त्याला काहीच म्हणत नाही, दातात टाचण्या धरून करून टाकतो.

छापील मापात वरची छाती आणि पूर्ण छाती ह्यांत साधारण दोन इंचांचा फरक धरलेला असतो. तुझी वरची ४१, म्हणजे हिशोबाने ४३, पण तुझे खांदे अरुंद, म्हणून आपण ४२ चा पॅटर्न धरू. ४२ ते ४६ चे उरलेले ४ इंच *फक्त पुढच्या भागात*. पाठीला हात लावायचा नाही, तुझी झोळी तिथूनच आली.

अस्सल कागद कापू नकोस. पतंगाचा किंवा बेकिंगचा कागद वर ठेवून छाप घे.

आधी ३६ चा ४२. सहा इंच, चार पाव भाग, म्हणजे प्रत्येकात दीड. तो दीड असा वाट: खांद्याच्या मधून उभी चीर देऊन पाव इंच, मुंढ्यातून अर्धा, उरलेला पाऊण बाजूच्या शिवणीत. तुझे खांदे अरुंद आहेत, पाव इंचाच्या वर जायचं नाही.

मग छाती. पुढच्या अर्ध्या भागावर छातीच्या टोकाची खूण कर. कमरेपासून सरळ वर टोकापर्यंत काप, तिथून तिरकं मुंढ्याकडे जा, पण मुंढ्याला दोऱ्याएवढा कागद जोडलेला राहू दे, बिजागरीसारखा. बाजूच्या शिवणीतूनही टोकापर्यंत एक चीर. आता तो तुकडा टोकापाशी २ इंच उघड. बाजूला आपोआप एक टक्स उघडेल आणि बघशील तर कागद खालीही सरकलेला असेल. मधला भाग तेवढा लांब करून खालची कड सरळ कर. ही लांबीच सगळे विसरतात आणि मग कमरेची शिवण पुढून वर चढते.

आणि आता ह्या फॅशनची खरी मेहेरबानी. तुझ्या फ्रॉकला योक आहे ना? मग तो बाजूचा टक्स शिवूच नकोस. कागद फिरवून तो बंद कर आणि ती जागा योकच्या शिवणीत उघड. झाल्या चुण्या. चाळीसच्या दशकात छातीची जागा अशीच लपवत. बघणाऱ्याला नक्षी वाटते आणि आत तुझे चार इंच मजेत बसलेले असतात.

स्कर्ट तर सोपा. सहा कळ्या, म्हणजे बारा कडा. सीट ३९ ची ४८, नऊ इंच, प्रत्येक कडेला पाऊण. कमर ३० ची ४२, बारा इंच, प्रत्येक कडेला एक. बस. पोटासाठी मधल्या पुढच्या कळीला वरून सव्वा इंच उंची वाढव आणि बाजूला शून्यावर आण, नाहीतर घेर पुढून उचलला जातो आणि गुडघे आधी पोचतात.

बटणं: पहिलं बटण बरोबर छातीच्या टोकांच्या रेषेत. वरची-खालची त्यावरून मोज. दोन बटणांच्या मधे आतून एक टिचबटण लाव, मग कुणाला काही दिसत नाही.

रुपेरी_काठ

एवढा खटाटोप फ्रॉकसाठीच का पण? १९४२ मध्ये भारतात विमेन्स ऑक्झिलरी कोअर (इंडिया) निघाली, त्यात आपल्या बायका खाकी साडी नेसून काम करत होत्या. आरमाराच्या शाखेतल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यावर गेल्या होत्या, त्यांचा साडीतला फोटो इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. तू नेसायचीस तर खाकी सुती साडी, कोपरापर्यंत बाहीचा ब्लाउज, केसांचा खाली अंबाडा. साडीला ना साइझ ना पॅटर्न. आणि स्टेशनभर तुझ्यासारखी दुसरी कुणी नसेल.

आमच्या आजीच्या बोलण्यात 'कंट्रोलचं कापड' हा शब्द शेवटपर्यंत होता. रांगेत उभं राहून आणलेलं जाडंभरडं धोतरजोडीचं कापड. युद्ध म्हटलं की तिला विमानं नाही, ती रांग आठवायची.

भरली_वांगी

रुपेरी, कल्याणी सेनांचं माहीत नव्हतं, फोटो शोधून बघितला. काय उभ्या आहेत बाई! पुढच्या वर्षी नक्की.

पण यंदा फ्रॉकच. साडी मी दिवाळीला नेसते, ऑफिसच्या पार्टीला नेसते, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतं की साडी किती छान, सगळं झाकलं जातं. ह्या खेपेला मला झाकायचं नाहीये.

गॅलिसवाले_काका

बायकांच्या धाग्यात नाक खुपसतो. माझी कमर ४६, पोट त्याच्याही पुढे. त्या काळच्या पुरुषी पँटी बेंबीच्या वर बसत आणि गॅलिसवर लटकत. आजच्या पँटीसारखा पोटाखाली पट्टा करकचून बांधायचा नाही. एकदा घातली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा दिवसभर पँट वर ओढावी लागली नाही. युद्धात इंग्लंडात पँटीच्या खालच्या दुमडीवर बंदी होती, कापड वाचवायला. लोक मुद्दाम लांब पँट घेऊन घरी दुमडत म्हणे. मी पण दुमडतो, उंचीच तेवढी आहे.

तिरपागडी

काकू, माझाही प्रश्न इथेच विचारते. माझ्या पाठीच्या कण्याला बाक आहे, उजवा खांदा डाव्यापेक्षा जवळजवळ इंचभर खाली. तयार कपड्यात गळा एका बाजूला पळतो. वजन नाही, पण माप कुठलंच दोन्हीकडे सारखं येत नाही. मलाही हा काळ आवडतो. काही होईल का?

कातरकाकू

होईल, आणि तुझ्यासाठी तर हाच काळ बरा. कारण पॅड.

बाजारचे दोन सारखे पॅड लावू नकोस. जुनी कांबळ किंवा दुलईतला कापूस घे आणि दोन वेगळे कर: डावा पातळ, एकच थर, उजवा तीन-चार थरांचा, कडेला निमुळता. घालून आरशासमोर थर वाढव-कमी कर. पूर्ण इंच भरून काढायचा हट्ट धरू नकोस. अर्धा-पाऊण भरला की नजर फसते, पूर्ण भरला की पॅड दिसतो. उरलेलं खांद्याच्या शिवणीत उजवीकडे खाली घे आणि मुंढाही तेवढाच खाली आण, नाहीतर काखेत घडी पडेल.

पुढचा आणि मागचा भाग कापड दुमडून बेतू नकोस. एकेरी कापडावर डावा वेगळा, उजवा वेगळा, आणि प्रत्येक तुकड्यावर खडूने नाव. मी एकदा नाव घालायला विसरले होते. नायिकेचा पदर चार प्रयोग एकाच जागी पिन करून ठेवावा लागला.

शिवाय त्या काळी एका बाजूला ओढून घेतलेल्या चुण्या, कमरेला एकाच बाजूला गाठ, असल्या तऱ्हा पुष्कळ होत्या. मुद्दाम तिरकं असलं की तुझं तिरकं कुणी मोजत बसत नाही.

भरली_वांगी

तीन आठवड्यांनी आले. दुसरी चादर कापली (नवऱ्याने उरलेल्या चादरी कपाटात वरच्या फळीवर ठेवल्यात).

काकू, खांदा खांद्यावर आहे! मुंढा काखेत आहे! कमरेची शिवण पुढून-मागून एका रेषेत, मी खाली बसून टेपने जमिनीपासून मोजली. पाठीची उंची मात्र जास्त होती, एक इंच आडवी घडी घालून कमी केली. पुढून तेवढीच.

एकच गोष्ट खटकतेय. योकखालच्या चुण्या पडद्यासारख्या दिसतात. मुंढ्यापासून पार बटणपट्टीपर्यंत पसरल्यात आणि काखेजवळ फुगा येतो. चुण्या कमी केल्या तर छातीवर ताण येईल ना?

कापड आणलंय, गडद हिरव्या रेयॉन क्रेपवर बारीक पांढरी पानं. साडेपाच वार. कुपनं असती तर ११.

कातरकाकू

कमी करू नकोस, गोळा कर. चुण्या छातीच्या टोकाच्या बरोबर वर तीन इंचांतच ओढायच्या, दीड इकडे, दीड तिकडे. मुंढ्याकडची दोन बोटं आणि बटणपट्टीकडची दोन बोटं कोरी. हाताने दोन ओळी धावदोरा घाल आणि दोन्ही दोरे एकदम ओढ. एकाच ओळीने चुणी वळते. फुगा जाईल.

रेयॉन क्रेप निसटतं कापड आहे. कापायच्या आधी धुऊन घे, आटतं. जमिनीवर जुनी चादर पसर (वरच्या फळीवरची मागून घे) आणि तिच्यावर टाचून बेत. शिवून झालं की दोन दिवस हँगरवर लटकत ठेव, कळ्या आपापल्या वजनाने उतरतील, त्यानंतरच खालची दुमड.

आणि कात्री लावायच्या आधी बेल्टची पट्टी बाजूला काढून ठेव. उभ्या धाग्यात, ४८ इंच. ती सगळ्यात शेवटी आठवते आणि तेव्हा नुसत्या चिंध्या उरलेल्या असतात.